बोटीतली सर्वांत वाईट जागा

इरा, ईशान,

तुम्ही पाठवलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. ॲमेझॉन नदीवरची तीन मजली पांढरी बोट, गच्चीवर पोहण्याचा तलाव, प्रत्येक खोलीत मोठा टीव्ही. खाली इराने लिहिलं आहे, "आजी, ही बोट चांगली आहे का? जुलैच्या सुट्टीत जायचं आहे. बाबा म्हणाला, तुला विचार."

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. पत्रकात बोटीचे सत्तावीस फोटो आहेत आणि नदीचा एक. पण चांगली बोट कशी ओळखायची हे मला एका माणसाने शिकवलं आहे. तो असता तर मी हे पत्रक सरळ त्याच्याकडे पाठवलं असतं आणि आठवड्याभरात तुम्हाला चार पानी उत्तर आलं असतं. तो फेब्रुवारीत गेला. म्हणून हे मला लिहावं लागतं आहे. इरा, तू ईशानला वाचून दाखव आणि अडलेले शब्द बाबाला विचारा.

त्या माणसाचं नाव मुकुंद वर्तक. तुमच्या बाबाचे वर्तककाका. तुमचा बाबा इथे जपानात शाळेत होता तेव्हा फुनाबोरीतल्या आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर ते राहायचे. मूळचे वसईचे. तोयोसुच्या एका कचेरीत रेल्वेगाड्यांची वेळापत्रकं बसवणारं सॉफ्टवेअर लिहायचे. कचेरीत त्यांना सगळे 'बारुताकु-सान' म्हणत, कारण जपानी जिभेला 'वर्तक' जमत नाही. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. म्हणायचे, "एवढे बारीक बदल वेळापत्रकात चालतात."

एरवी मात्र बारीक बदल त्यांना चालत नसत. फुनाबोरी स्टेशनच्या जिन्यासमोर कुठल्या डब्याचं कुठलं दार येतं हे त्यांना पाठ होतं. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, याचा मराठी तक्ता त्यांनी इमारतीतल्या आठही भारतीय घरांच्या फ्रिजवर स्वतः जाऊन चिकटवला होता. एकदा मी मंगळवारी लोणच्याची रिकामी बरणी कचऱ्यात ठेवली. संध्याकाळी ती धुऊनपुसून आमच्या दाराशी परत आली होती, आणि तिच्या गळ्यात चिठ्ठी होती: "वहिनी, मी गुरुवारची आहे."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. गणपती असो, दिवाळीचा कार्यक्रम असो, कुणाचं डोहाळजेवण असो, बाकीचे जेवणाचं आणि सजावटीचं बोलत असले की वर्तक मध्येच विचारत, "ते होईल हो. माणूस बसणार कुठे आणि त्याला दिसणार काय?" मग हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या की ते सगळ्यांत वाईट जागा शोधत, म्हणजे खांबाआडची किंवा दाराच्या वाऱ्यातली, आणि कार्यक्रमभर तिथे बसून राहत. पाहुण्यांनी पुढे बोलावलं तरी उठत नसत. "चांगल्या जागेवरून सगळंच चांगलं दिसतं, वहिनी. त्यातून कळत काहीच नाही."

त्यांची बायको नलिनी माझी मैत्रीण. ती सांगायची, "आमच्या लग्नात गुरुजी हाका मारताहेत आणि नवरा गायब! हे कुठे, तर मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले. का, तर तिथून मी दिसते की नाही ते बघायला."

"दिसत नव्हतीस," वर्तक शांतपणे म्हणत. "मधे तुझे मामा होते."

आता बोटीकडे येते.

जपानच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला, तैवानच्या जवळ एक बेट आहे. हानेदा विमानतळावरून तीन-साडेतीन तासांचं विमान आणि मग पाऊण तासाची फेरीबोट. बेटाचं नाव मी लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. त्या बेटावर जवळजवळ सगळं जंगलच आहे, बाराही महिने हिरवं, ओलं, एकात एक गुंतलेलं. त्यातून एक नदी समुद्राला मिळते आणि तिच्या दोन्ही काठांना खारफुटी आहे. आपल्या कोकणातल्या खाड्यांत असते तशीच, फक्त कितीतरी अधिक दाट. खारफुटीची मुळं चिखलातून वर उचललेली असतात, जणू सगळी झाडं साड्या वर धरून पाण्यातून चालली आहेत.

वर्तकांनी छपन्नाव्या वर्षी नोकरी सोडली आणि नलिनीला घेऊन त्या बेटावर चार दिवसांच्या सुट्टीला गेले. तिथे नदीवर फिरवणारी एक बोट होती. तिची मालकीण हिगा-सान, वय सत्तरीच्या पुढे, नवरा गेल्यावर स्वतःच सुकाणू धरणारी. बोटीत आडव्या सहा ओळी, प्रत्येकीत पाच माणसं, आणि वर कर्णा, त्यातून पाऊण तास अखंड माहिती. वर्तक नेमके मधल्या ओळीत मधोमध बसले. परत आल्यावर त्यांनी हिगा-सानना चार पानांचं पत्र लिहिलं. पहिलं वाक्य असं होतं, "आपल्या नदीवर पंचेचाळीस मिनिटं फिरताना मला तीन टोप्या, एक छत्री आणि एका गृहस्थांची मान दिसली." नलिनी म्हणाली, "पाठवू नका हो, वय झालेली बाई आहे, वाईट वाटेल तिला." त्यांनी पाठवलं. पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: "मग येऊन दाखवा."

वर्तक गेले. दोन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि तिथलेच झाले.

हिगा-सानची अडचण त्यांना तिथे गेल्यावर कळली. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलाला त्यांचा धक्का हवा होता. नदीच्या मुखाशी बोट लावण्याजोगी जागा तेवढी एकच. हॉटेल तिथून ऐंशी माणसांची वेगवान बोट सोडणार होतं. हिगा-सानच्या नवऱ्याने जन्मभर पाहिलं होतं की वेगाने बोट गेली की मागून लाट उठते, लाट काठावर आपटते, मुळांखालचा चिखल धुऊन जातो आणि काही वर्षांत झाड आडवं होतं. त्यांच्या हयातीत अशी किती झाडं पडली, हे ते हाताने दाखवून सांगायचे म्हणे. पण हिगा-सानच्या बोटीला गिऱ्हाईक कमी होत होतं आणि त्यांचे गुडघे साथ देत नव्हते. त्यांनी वर्तकांना स्वच्छ सांगितलं, "बारुताकु-सान, मी एक वर्ष थांबते. वर्षभरात ही बोट नीट चालली तर धक्का माझा. नाही तर हॉटेलला देऊन टाकते. मग नदीचं काय व्हायचं ते होवो."

वर्तकांनी आधी बसण्याची व्यवस्था बदलली. तीसच्या जागी बाराच माणसं, बोटीच्या मधोमध एकमेकांकडे पाठ करून दोन बाकं, म्हणजे प्रत्येकाचं तोंड बाहेर, काठाकडे. इथपर्यंत उत्तम. मार्च महिन्यात पहिली चाचणी झाली. योगायोगाने आम्हीही तिथे होतो, मी आणि तुमचे आजोबा. नदीत वर जिथे बोट वळते तिथे वर्तक उभे राहिले आणि म्हणाले, "आता सगळ्यांनी उठा. उजवीकडच्यांनी डावीकडे, डावीकडच्यांनी उजवीकडे." त्यांच्या मते हे न्यायाचं होतं. इथे शेवटच्या स्टेशनवर वेगवान गाड्यांची आसनं फिरवतात, तसंच. बोट डुगडुगली, आजोबांचा चष्मा पाण्यात जाता जाता वाचला, सगळे धडपडत दुसऱ्या बाजूला बसले आणि बोट परत निघाली.

थोड्या वेळाने नलिनी म्हणाली, "अहो, ते वाकडं झाड मी मघाशी पाहिलं होतं."

"दुसरं असेल."

"त्याच्यावरचा बगळासुद्धा तोच आहे."

वर्तकांनी मान वळवून बगळ्याकडे पाहिलं. बोट वळली तेव्हा बाकं आपोआपच समोरच्या काठाकडे वळली होती. न उठता बसलो असतो तर प्रत्येकाला दोन्ही काठ दिसले असते. जागा बदलल्यामुळे प्रत्येकाने तोच काठ दोनदा पाहिला. सुकाणूशी बसलेल्या हिगा-सानचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

दुसरी चूक मोठी होती, आणि ती सुट्ट्यांच्या पहिल्या आठवड्यात झाली.

एप्रिलच्या अखेरीला इथे सगळ्या देशाला एकदम सुट्ट्या असतात. वर्तकांनी फुनाबोरीतल्या आम्हा दहा जणांना बोलावलं. "पहिले प्रवासी आपले असू देत, बोलणी तरी मराठीत बसतील." त्या दिवसापर्यंत बोट कधी सोडायची हे हिगा-सान ठरवत. त्या दिवशी प्रथमच वर्तकांनी ठरवलं. सकाळी अकरा.

हिगा-सान म्हणाल्या, "आज पाणी जाईल."

वर्तक म्हणाले, "आज अमावास्या आहे. अमावास्येला दुपारी बाराला भरती. माझी आई सांगायची."

हे त्यांनी मनाचं सांगितलेलं नव्हतं. कोकणात आणि वसईकडे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट करायची की साधारण तास मिळतात. वर्तकांची आई कालनिर्णयाचा आकडा बघून बोटांवर मोजून भरती सांगायची आणि ती चुकत नसे. या एका गोष्टीसाठी वर्तकांनी छापील तक्ता उघडला नाही. जे लहानपणापासून पाठ आहे ते कोण पडताळून बघतो? पण समुद्र प्रत्येक किनाऱ्याला वेगळी वेळ देतो. वसईला अमावास्येच्या दुपारी पाणी चढतं, या बेटावर त्याच वेळी ते उतरतं.

हिगा-सान घरात जाऊन परत आल्या. त्यांनी फक्त दोन मोठे थर्मास आणि एक डबा बोटीत ठेवला.

आम्ही मुख्य नदीतून एका अरुंद फाट्यात शिरलो. अर्ध्या तासाने तळाला काहीतरी घासलं. हिगा-साननी इंजिन बंद केलं. मग बोट हळूच एका बाजूला कलली आणि स्थिर झाली. पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं आणि आम्ही चिखलात बसलो.

"आता?" आजोबांनी विचारलं.

"आता पाणी येईपर्यंत," हिगा-सान म्हणाल्या आणि त्यांनी डबा उघडला. आत तळलेले गोड गोळे होते, आपल्या गुलगुल्यांसारखे, बारा माणसांना पुरून उरतील एवढे. पाऊण तासाच्या फेरीसाठी एवढं खाणं कुणी घेत नाही. नलिनीच्या ते लगेच लक्षात आलं.

"ह्या बाईला ठाऊक होतं," ती मराठीत मला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "वसईच्या खाडीकाठी जन्मलात, आणि ओहोटी कशाला म्हणतात ते जपानी बाईकडून शिकताय! आईंना कळवू का?"

"आई वर आहे," वर्तक म्हणाले.

"मग तिला दिसतंच असेल."

सगळे हसले. वर्तक हसले नाहीत. ते इंजिनाच्या पेटीजवळ आमच्याकडे पाठ करून बसले. बोट चिखलात रुतली होती ही गोष्ट लहान होती. वर्षभराची मुदत होती, धक्क्याचा प्रश्न होता, आणि पहिल्याच दिवशी बाईंच्या देखत त्यांची बोट बसली होती. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

पहिला अर्धा तास आम्ही फार बोललो. मुंबईची भरती, कुणाचा व्हिसा, कुणाच्या मुलाची शाळा. डास मारले. कुणाला लघवीला जायचं होतं आणि जाणार कुठे, यावर कुजबूज झाली. ती व्यवस्था कशी झाली ते मी लिहीत नाही. मग बोलणं संपलं. आणि ते संपल्यावर हळूहळू कळायला लागलं की आवाज सगळीकडून येतोय. चिखलातून टपटप, चुटचुट असे बारीक बुडबुडे फुटत होते. भोकाभोकांतून खेकडे बाहेर आले, एक नांगी एवढीशी आणि दुसरी अंगाएवढी, आणि सगळे मिळून ती मोठी नांगी वरखाली करायला लागले. डोळे डोक्यावर असलेले निवटे मासे चिखलावरून उड्या मारत होते. शेवग्याच्या शेंगेसारखी एक लांब शेंग झाडावरून सुटली आणि टच्च आवाज करून उभीच चिखलात रुतली. आजोबा वनस्पतिशास्त्राचे, जन्मभर त्यांनी हे पुस्तकात शिकवलेलं. ते मला हळूच म्हणाले, "ही पेरणी मी पहिल्यांदा पाहिली." त्यानंतर तेही गप्प.

तीन तासांनी पाणी आलं. बोट सरळ झाली. धक्क्याला लागल्यावर वर्तक हिगा-सानपुढे कमरेत वाकून उभे राहिले, इथे माफी मागताना वाकतात तसे, आणि वर उठेचनात. त्यांना वाटत होतं, संपलं.

हिगा-सान म्हणाल्या, "तीन तास फार होतात. पण त्यातले थोडे ठेवा."

हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

त्यानंतर बोट जशी घडली ती तशीच पुढे राहिली. फाट्याच्या तोंडाशी इंजिन बंद करायचं आणि काही करायचं नाही. किती वेळ, हे ठरवायला वर्तक महिनाभर वही घेऊन बसले. त्यांचा निष्कर्ष असा, की आधी माणसं एकमेकांशी बोलतात, मग फोन काढतात, मग चुळबुळ करतात, आणि आठव्या-नवव्या मिनिटाला कुठे गप्प होतात. म्हणून बारा मिनिटं. कर्णा काढून टाकला. जे सांगायचं ते निघण्यापूर्वी धक्क्यावर सांगायचं, शेंग हातात देऊन. स्वच्छतागृह धक्क्यावर बांधलं, आणि बाकी कामं थांबवून आधी तेच बांधून घेतलं. "वहिनी, पोट घट्ट धरून बसलेल्या माणसाला नदी दिसत नाही."

वेगाचा प्रश्न हिगा-साननी सोडवला. त्यांनी बोटीच्या नाकाशी फळीवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. कप सांडला म्हणजे वेग जास्त. काठावर लाट जात नाही एवढाच तो वेग. वर्तकांनी वेगमापक यंत्र मागवलं होतं, ते त्यांनी खोक्यातून काढलंसुद्धा नाही.

आणि वेळापत्रक त्यांनी पाण्यावर बसवलं. आज सव्वासात, उद्या आठ, परवा पावणेनऊ, काही दिवशी बोटच नाही. धक्क्यावरच्या खोलीत भिंतीवर दोन पंचांगं लागली. एक हिगा-सानचं, त्या बेटांवरचे लोक सण अजून चंद्राच्या जुन्या महिन्यांवर पाळतात म्हणून, आणि एक आपलं मराठी, नलिनी दरवर्षी पुण्याहून मागवायची ते. हिगा-सान त्यातली तिथी विचारायच्या आणि आपल्या पंचांगाशी ताडून बघायच्या. जुळली की मान हलवायच्या. कधी एका दिवसाचा फरक पडे. मग म्हणायच्या, "तुमचा चंद्र आज उशिरा उठला."

मला त्यांनी परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी फलक लिहायचं काम दिलं होतं. मी दोन पानं लिहिली, नदीचा उगम, झाडांच्या जाती, सगळं व्यवस्थित. वर्तकांनी वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, इंग्रजी सुंदर आहे. पण हे वाचून होईपर्यंत ओहोटी लागेल." शेवटी चार ओळी उरल्या. आधी स्वच्छतागृहात जाऊन या. टोपी मांडीवर ठेवा, शेजारच्याला दिसू द्या. आम्ही मध्ये इंजिन बंद करू. घाबरू नका, ते पुन्हा सुरू होतं.

वर्ष संपत आलं तेव्हा हॉटेलचे व्यवस्थापक साकामोतो-सान आले. तेव्हा मी नलिनीकडे राहायला गेले होते आणि चहा देत होते, म्हणून सगळं ऐकलं. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी बोटीची फेरी केली, बारा मिनिटं गप्प बसले, आणि परत आल्यावर म्हणाले, "फार सुंदर. आमचे पाहुणे पाठवायला आवडेल. फक्त वेळ नक्की हवी. आमची बस रोज दहाला आणि दोनला येते. दहा आणि दोन, एवढं केलंत तर धक्का तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही मोठी बोट आणणार नाही."

हिगा-सान वर्तकांकडे बघत होत्या. मीही. ज्या माणसाने जन्मभर दहा म्हणजे दहा केलं, त्याच्यापुढे कुणीतरी दहा आणि दोन ठेवत होतं, वर धक्काही देत होतं. होय म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं, आणि महिन्यातले निम्मे दिवस बोट उथळ पाण्यातून इंजिन ताणत, चिखल उसवत गेली असती.

"दहा-दोन जमणार नाही," वर्तक म्हणाले. "पण तुमची बस माझ्याकडे द्या."

"बस?"

"बसचं वेळापत्रक. वर्षाचं. फेरीबोट किती वाजता लागते, तुमचा नाश्ता किती वाजता संपतो, ते मला लिहून द्या. नदी हलवता येत नाही. बस येते."

साकामोतो-सान हसले. "तीनशे पासष्ट वेगवेगळी वेळापत्रकं?"

"मी आयुष्यभर यापेक्षा अवघड केली आहेत. आणि त्यातल्या एकाही गाडीतून कुणाला बघण्याजोगं काही दिसत नव्हतं."

तीन आठवडे ते टेबलाशी बसले. नलिनी म्हणे, "नोकरी सोडली तरी गाड्या सुटत नाहीत!" पण मला वाटतं, त्या तीन आठवड्यांत ते जेवढे आनंदी होते तेवढे फुनाबोरीत कधी दिसले नाहीत. पाण्याच्या प्रत्येक वेळेला एक बस, प्रत्येक बसला एक नाश्ता, जिथे बोट नाही त्या दिवशी डोंगरातली पायवाट. साकामोतो-साननी ते एका हंगामापुरतं करून बघायचं कबूल केलं. हंगाम संपल्यावर त्यांनी पुढच्या वर्षाचं मागितलं. मोठी बोट त्यांनी घेतली, पण ती बाहेर खुल्या समुद्रात प्रवाळ दाखवायला नेतात. नदीत ती आली नाही.

हिगा-साननी धक्का विकला नाही. त्यांची एकच अट होती, की बेटाचं नाव वर्तकांनी कुठल्या मासिकात छापू नये. "पुरेशी माणसं येतात." म्हणून मीही लिहिलं नाही.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यांत रोज तेच होत होतं आणि तेच चांगलं होतं. हिगा-सानच्या भाचीने, तिचं नाव काना, सुकाणू हातात घेतलं. वर्तक रोज एका फेरीला बसत आणि नेहमी त्याच जागेवर, अगदी मागे, डाव्या बाजूला, जिथे इंजिनाची पेटी आड येते आणि तिरकं पुढे बघावं लागतं. बोटीतली सर्वांत वाईट जागा तीच. त्या जागेसाठी त्यांनी दर वर्षी काही ना काही केलं. एकदा छताचा खांब वीतभर सरकवला, एकदा पेटीचा कोपरा कापून घेतला. तरी ती सर्वांत वाईटच राहिली. ते म्हणत, "एक जागा सर्वांत वाईट असणारच. ती किती वाईट आहे, एवढंच आपल्या हातात."

मग त्यांचे हात कापायला लागले. पार्किन्सन. नाकाशी कप ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं. एके सकाळी फळीपर्यंत पोचेस्तोवर कप अर्धा झाला. त्यांनी तो अर्धा कप बघितला, पिऊन टाकला आणि रिकामा कप कानाच्या हातात दिला. नलिनीने हे मला फोनवर सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरात मी एकटीच गेले. आजोबांना आता प्रवास झेपत नाही. त्या दिवशीची बोट सकाळी पावणेदहाची होती. वर्तकांना दोघांनी धरून आणलं आणि त्यांच्या जागेवर बसवलं. मी त्यांच्या पुढे दोन माणसं सोडून बसले. ऊन लागत होतं.

फाट्याशी कानाने इंजिन बंद केलं. बोलणं, फोन, चुळबूळ, मग शांतता, सगळं वर्तकांच्या वहीप्रमाणे. मी मागे वळून हळूच विचारलं, "भावोजी, तिथून काय दिसतंय?"

"तुमची टोपी," ते म्हणाले. "फलक कुणी लिहिला होता?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते पुढे बघत राहिले. मांडीवर त्यांचे हात थरथरत होते आणि त्या हातांना घड्याळ नव्हतं. पट्टा लावणं जमेना म्हणून नलिनीने ते काढून ठेवलं होतं. चिखलात बुडबुडे फुटत होते. खूप वेळाने कानाने इंजिन सुरू केलं.

"तेरा झाली," वर्तक म्हणाले. मग थोडं थांबून, "चालेल."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

तुमच्या ॲमेझॉनच्या बोटीबद्दल माझं म्हणणं एवढंच, की त्यांना पत्र लिहा आणि विचारा, तुम्ही इंजिन कधी बंद करता, आणि तुमच्या बोटीतल्या सर्वांत वाईट जागेवरून काय दिसतं. उत्तर आलं तर मला पाठवा. आलं नाही तर तलाव असलेली बोट सोडा आणि एखादी लहान शोधा. बाबाला सांगा, वर्तककाकांनी हेच सांगितलं असतं, फक्त चार पानांत.

नलिनी बेटावरच आहे, हिगा-सानच्या शेजारच्या घरात. धक्का अजून हिगा-सानच्या घरचाच आहे. वर्तकांनी पुढच्या सहा वर्षांच्या भरतीवर बसवलेलं बसचं आणि बोटीचं वेळापत्रक कानाकडे आहे, त्यातलं या वर्षाचं धक्क्याच्या भिंतीवर दोन पंचांगांच्या मधे लावलेलं आहे. बोट बारा माणसं घेऊन पाण्याच्या वेळेला सुटते, कप भरलेला असतो, आणि फाट्याशी इंजिन बारा मिनिटं बंद असतं.

तुमची,
आजी